पिट्युटरीच्या तपासण्यांसाठी नागपूरला येताय? रक्त देण्याआधी हे वाचा

धंतोलीतल्या एका लॅबमध्ये मी रोज सकाळी रक्त घेतो. पिट्युटरी म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेली, बाकी ग्रंथींना हुकूम सोडणारी छोटी ग्रंथी. चिठ्ठीवर कॉर्टिसॉल (शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड), एसीटीएच (कॉर्टिसॉल बनवायला सांगणारं पिट्युटरीचं हार्मोन), प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारं हार्मोन) असलं काही दिसलं की सिरिंज बाजूला ठेवून आधी विचारतो: रात्री झोपलात का? गोळ्या कोणत्या चालू आहेत? चहासोबत काय खाल्लं? उत्तरं ऐकून बरेचदा सांगावं लागतं की आज रक्त देऊन उपयोग नाही. समोरचा माणूस चिडतो. गोंदियाहून पहाटेची गाडी पकडून आलेला असतो, नाहीतर सिरोंच्याहून रात्रभर बसमध्ये बसून. त्याचं चिडणं मला समजतं, म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवतोय.

साखरेचा रिपोर्ट चुकला तर दुसऱ्या दिवशी परत काढता येतो. पिट्युटरीचा चुकला तर माणूस विनाकारण एमआरआयपर्यंत जातो, नाहीतर खरा आजार वर्षानुवर्षं "थकवा आहे, टॉनिक घ्या" यात दबून राहतो.

मी डॉक्टर नाही. कोणती तपासणी करायची आणि आकड्याचा अर्थ काय, हे एंडोक्रायनॉलॉजिस्टनी, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांनी ठरवायचं. चिठ्ठी हातात पडल्यापासून रिपोर्ट फाईलला लागेपर्यंत जे आपल्या हातात असतं, तेवढंच इथे आहे.

## पायरी १: गोळ्यांची पिशवी, निदान आठवडाभर आधी

घरात जेवढी औषधं आहेत तेवढी एका पिशवीत भरा. पट्ट्या, बाटल्या, मलमं, केसांच्या गोळ्या, वैद्याच्या पुड्या, सगळं. "बीपीची आणि गॅसची गोळी" असं तोंडी सांगून भागत नाही, कारण घोळ नेमका गॅसच्या गोळीतच असतो.

ॲसिडिटीच्या कॅप्सूलच्या नावामागे "डी" किंवा "डीएसआर" असेल तर त्यात बहुधा डोम्पेरिडोन असतं. ते प्रोलॅक्टिन वाढवतं. मेटोक्लोप्रमाइड, लेवोसल्पिराइड, मानसिक आजारावरची रिस्पेरिडोन आणि ॲमिसल्प्राइड ही औषधंही वाढवतात. तिशीतल्या एका बाईंचं प्रोलॅक्टिन ९० आलं होतं आणि घरात "डोक्यात गाठ" म्हणून रडारड सुरू झाली होती. पर्समधून निघाली गॅसची कॅप्सूल, चार महिने रोज सकाळी घेतलेली. डॉक्टरांना विचारून ती बंद केली, काही दिवसांनी परत रक्त घेतलं, आकडा जागेवर आला. औषधाचा परिणाम पाहायचा असेल तर साधारण ३ दिवस ते बंद ठेवून पुन्हा तपासतात. बंद करता येईल का, हे मात्र ज्या डॉक्टरांनी ते दिलं त्यांनाच विचारायचं.

दुसरा घोळ स्टेरॉइडचा. दम्याचा पंप, गुडघ्यात घेतलेलं इंजेक्शन, खाजेचं मलम, गोरेपणाची क्रीम, सांधेदुखीवर गावातल्या कुणीतरी दिलेली पुडी, यातल्या कशातही स्टेरॉइड असू शकतं. मलमाच्या ट्यूबवर क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन लिहिलंय का ते वाचा. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल झोपतं. प्रेडनिसोलोन चालू असेल तर आणखी पंचाईत होते, कारण काही मशीन त्यालाच कॉर्टिसॉल समजून आकडा फुगवून देतात.

तिसरा घोळ बायोटिन. केस, नखं, त्वचा यांच्या गोळ्यांत ५ ते १० मिलिग्रॅम बायोटिन सर्रास असतं. काही मशीनची रसायनंच बायोटिनवर चालतात. तिथे टीएसएच (थायरॉइडला हुकूम देणारं पिट्युटरीचं हार्मोन) आणि एसीटीएच खोटे कमी दिसतात, फ्री टी४ (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) आणि कॉर्टिसॉल खोटे जास्त. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने २०१७ मध्येच याबद्दल इशारा दिला होता, पण आपल्याकडे काउंटरवर अजून कुणी विचारत नाही. २-३ दिवस आधी ही गोळी थांबवा आणि थांबवल्याचं सांगा.

पाळी नियमित करायच्या किंवा गर्भनिरोधक गोळ्यांत बरेचदा इस्ट्रोजेन असतं, त्याने रक्तातलं एकूण कॉर्टिसॉल वाढलेलं दिसतं. कुशिंगच्या (शरीरात कॉर्टिसॉल जास्त होण्याच्या आजाराच्या) तपासणीआधी या गोळ्या ६ आठवडे थांबवायला सांगतात, म्हणून हा विषय चिठ्ठी मिळाली त्याच दिवशी काढा.

थांबा: स्टेरॉइड, मिरगीची, टीबीची किंवा मानसिक आजाराची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. सहा महिने चालू असलेलं स्टेरॉइड रिपोर्ट नीट यावा म्हणून एकाएकी सोडणं जीवावर बेतू शकतं. सकाळची गोळी रक्त दिल्यावर घ्यायची की आदल्या दिवसापासून काही बदल करायचा, हे डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. लिहिलेलं नसेल तर फोन करा.

## पायरी २: जुनी हकीकत एका कागदावर

ही पायरी कुणीच करत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात महाग तीच पडते.

भंडाऱ्याकडच्या चाळिशीतल्या एक बाई आल्या होत्या. सतत थकवा, थंडी सोसत नाही, सोडियम कमी म्हणून दोनदा ॲडमिट होऊन सलाईन घेतलेलं. टीएसएच दरवेळी नॉर्मल, त्यामुळे थायरॉइड नाही असं ठरलेलं. रक्त द्यायला बसल्यावर सोबत आलेल्या जाऊबाई सहज बोलून गेल्या, "दुसऱ्या बाळंतपणात हिचं इतकं रक्त गेलं होतं की लुगडी पुरली नाहीत. मग अंगावर दूध आलंच नाही, पोर गाईच्या दुधावर वाढलं." पाळीचं विचारलं, तर तेव्हापासून नाही. चौदा वर्षं झाली होती. मी ते तीन वाक्यांत चिठ्ठीच्या मागे लिहिलं आणि म्हटलं, हे डॉक्टरांना दाखवा.

बाळंतपणात अतिरक्तस्राव झाला की पिट्युटरीचा रक्तपुरवठा तुटू शकतो आणि ग्रंथी हळूहळू काम सोडते. याला शीहान सिंड्रोम म्हणतात. डॉक्टरने नेमकं विचारलं नाही तर पेशंट आपणहून सांगत नाही, कारण त्याला वाटतं चौदा वर्षांपूर्वीच्या बाळंतपणाचा आजच्या थकव्याशी काय संबंध!

तेव्हा कागदावर हे लिहा:

- बाळंतपणात जास्त रक्त गेलं का, रक्त चढवावं लागलं का, अंगावर दूध आलं का, पाळी परत सुरू झाली का
- डोक्याला मोठा मार, मेंदूज्वर, मेंदूचा टीबी, डोक्याला रेडिएशन
- साप चावला होता का. घोणस चावून किडनीवर परिणाम झालेल्यांमध्ये पुढे पिट्युटरी निकामी झाल्याचं आढळलेलं आहे. विदर्भात शेतीत राबणाऱ्या माणसाने हे सांगायलाच हवं
- अंगठी, चप्पल, हेल्मेट घट्ट होत गेलं का (वाढीचं हार्मोन जास्त झालं की असं होतं). पाच-सात वर्षांपूर्वीचा फोटो सोबत ठेवा, लग्नाच्या अल्बममधला चालेल
- तहान आणि लघवी. रात्री किती वेळा उठावं लागतं

शेवटच्या मुद्द्यासाठी घरच्या घरी एक मोजणी करता येते. लिटरची जुनी बाटली घ्या आणि एक पूर्ण दिवस लघवी मोजा. मोठ्या माणसात २४ तासांत ३ लिटरपेक्षा जास्त होत असेल तर तो आकडा लिहून न्या. साखर नॉर्मल असून असं होत असेल तर पिट्युटरीच्या मागच्या भागाच्या आजाराचा विचार करतात. या आजाराला आजवर डायबेटिस इन्सिपिडस म्हणत. साखरेच्या आजाराशी गल्लत होऊन पेशंटचे हाल होतात म्हणून २०२२ मध्ये त्याचं नाव बदलून व्हॅसोप्रेसिन डेफिशियन्सी असं केलं. फाईलवर दोन्ही नावं दिसतील.

थांबा: "पाणी बंद करून पाहू, लघवी कमी होते का" हा प्रयोग घरी करू नका. ती तपासणी हॉस्पिटलमध्ये, वजन आणि सोडियम मोजत करतात. नागपूरच्या मे महिन्यात तर हा विचारही नको.

## पायरी ३: घड्याळ

कॉर्टिसॉल पहाटे वाढतं, सकाळी सर्वांत जास्त असतं आणि मध्यरात्री तळाला जातं. म्हणून सॅम्पल ८ ते ९ मध्ये. ११ वाजता दिलेल्या रक्ताचा रिपोर्ट "कमी" आला तर तो आजार आहे की उशीर, हे कुणालाच सांगता येत नाही.

प्रोलॅक्टिन झोपेत वाढतं. उठल्यावर निदान दीड-दोन तास जाऊ द्या. ६ ला उठलात, ८ ला रक्त दिलंत, की दोन्ही तपासण्या एका सुईत बसतात. रात्रभर बसमध्ये अर्धवट डुलकी काढून गणेशपेठेच्या स्टँडवर ७ ला उतरायचं आणि तडक लॅबमध्ये यायचं, यात दोन्ही बिघडतात. जमेल तर आदल्या संध्याकाळी या, नातेवाइकाकडे झोपा. मुक्काम परवडत नसेल तर प्रोलॅक्टिन गावाजवळच्या चांगल्या लॅबमध्ये द्या आणि एसीटीएचसाठी तेवढं नागपूरला या.

लॅबमध्ये पोचल्यावर १५-२० मिनिटं शांत बसा. जिना चढून धापा टाकत खुर्चीत बसलेल्या माणसाचं प्रोलॅक्टिन मी घेत नाही. सुईची भीती वाटत असेल तर आधी सांगा.

पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन सकाळी, उपाशीपोटी, आणि कमी आलं तर दुसऱ्या दिवशी परत एकदा. पाळी चालू असलेल्या बायकांचं एलएच-एफएसएच (बीजांडकोशाला हुकूम देणारी पिट्युटरीची हार्मोन्स) साधारणपणे पाळीच्या २ ते ५ व्या दिवशी. थायरॉइडची गोळी रक्त दिल्यावर. तर्री-पोहे सगळं झाल्यावर, निवांत.

बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्यांनी शिफ्टचं वेळापत्रक आधी सांगायलाच हवं. त्यांच्या शरीराचं घड्याळ वेगळं चालतं आणि सकाळी ८ चा नियम त्यांना जसाच्या तसा लागत नाही.

तपासून पहा: नळीवर नावासोबत वेळ लिहिली का? रिपोर्टवर छापून येते ती कधीकधी बारकोड स्कॅन झाल्याची वेळ असते. सुई टोचली ती वेळ स्वतःच्या मोबाइलमध्ये लिहून ठेवा.

## पायरी ४: एसीटीएच आणि बर्फ

एसीटीएच फार नाजूक. जांभळ्या टोपीची नळी आधीच थंड केलेली हवी, रक्त घेतल्याबरोबर ती बर्फात जायला हवी, थंड सेंट्रिफ्यूजमध्ये (रक्त गरगर फिरवणारं मशीन) फिरवून प्लाझ्मा, म्हणजे वरचं पातळ पाणी, लगेच गोठवायला हवा. यातलं एकही चुकलं तर एसीटीएच नळीतच विरघळत जातं आणि रिपोर्ट खोटा कमी येतो. कॉर्टिसॉल जास्त असताना हा खोटा कमी आकडा डॉक्टरांना पिट्युटरीऐवजी किडनीवरच्या ॲड्रिनल ग्रंथीकडे नेतो. म्हणजे चुकीच्या जागेचा स्कॅन!

ही चूक मी स्वतः केली आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका गर्दीच्या सकाळी एसीटीएचची नळी बाकीच्यांसोबत साध्या स्टँडमध्ये उभी करून ठेवली. चाळीस मिनिटांनी लक्षात आलं. पेशंट वर्ध्याला परत निघाले होते. फोन करून खरं सांगितलं, माफी मागितली, ते दुसऱ्या आठवड्यात परत आले. नुसतं "ठीक आहे" म्हणून नळी पुढे पाठवली असती तर कुणाला कळलंही नसतं.

म्हणून रक्त देण्याआधी बिनधास्त विचारा: बर्फ आहे का? सेंट्रिफ्यूज इथेच आहे की नळी दुसरीकडे जाणार? उत्तर गुळमुळीत मिळालं तर दुसरी लॅब शोधा. घरी येऊन रक्त नेणाऱ्या मुलाकडे एसीटीएच देऊ नका, ४५ अंशांत त्याच्या बॅगेचं काय होतं ते मला माहीत आहे.

## पायरी ५: कुशिंगच्या तीन तपासण्या, आणि त्यांचा क्रम

शरीरात कॉर्टिसॉल खरोखर जास्त आहे का, हे ठरवायला तीन तपासण्या वापरतात. तिन्हींत पेशंटलाच बरंच करावं लागतं, म्हणून चुकाही इथेच सर्वांत जास्त.

२४ तासांची लघवी. समजा रविवारी सकाळी ७ ला सुरुवात. ७ ची लघवी टाकून द्यायची, वेळ लिहायची. त्यानंतरची प्रत्येक लघवी डब्यात, सोमवारी सकाळी ७ ची धरून. पहिली धरली किंवा शेवटची सोडली की हिशेब गेला. बाहेर जायचं असेल त्या दिवशी सुरूच करू नका. डबा थंड जागी हवा. फ्रिजमध्ये ठेवायला घरचे नाही म्हणतील, तर थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घाला. पाणी नेहमीइतकंच प्या. दिवसाला ५ लिटरच्या वर पाणी गेलं तर कॉर्टिसॉल खोटं वाढलेलं दिसू शकतं, आणि उन्हाळ्यात उन्हात काम करणारा माणूस तेवढं सहज पितो.

रात्रीची लाळ. रात्री ११ च्या सुमाराला, दोन वेगवेगळ्या दिवशी. त्याआधी खाणं नाही, ब्रश नाही, हिरड्यांतून रक्त येत असेल तर त्या दिवशी नाही. खर्रा तर नाहीच. चघळायच्या तंबाखूने हा रिपोर्ट खोटा वाढलेला येऊ शकतो. खोकल्यासाठी जेष्ठमध चघळत असाल तर तेही बंद, कारण कॉर्टिसॉल निष्क्रिय करणारं एन्झाइम जेष्ठमध अडवतं.

डेक्सामेथासोनची गोळी. रात्री ११ ते १२ मध्ये १ मिलिग्रॅम, सकाळी ८ ते ९ मध्ये रक्त. आपल्याकडे बहुतेक वेळा ०.५ मिलिग्रॅमची गोळी हातात पडते, म्हणजे दोन घ्यायच्या. एकच घेऊन आलेले कितीतरी पाहिले. पट्टीवरचा आकडा वाचा आणि रिकामी पट्टी सोबत आणा. कॉर्टिसॉल १.८ मायक्रोग्रॅमच्या खाली उतरलं तर ते नीट दबलं असं धरतात. रिफॅम्पिसिन, फेनिटॉइन, कार्बामाझेपीन चालू असेल तर यकृत ही गोळी झटपट संपवतं आणि कॉर्टिसॉल दबलंच नाही असं खोटं दिसतं.

थांबा: डेक्साची गोळी घेतल्यावर दुसऱ्या सकाळी "एकाच सुईत सगळं होऊन जाऊ द्या" म्हणून मूळ कॉर्टिसॉल आणि एसीटीएच देऊ नका. गोळीने दोन्ही दाबलेली असतात. आधी साधं रक्त, मग लघवी आणि लाळ, डेक्सा सर्वांत शेवटी.

## पायरी ६: रिपोर्ट आल्यावर

आधी एकक बघा. एका ताईंनी प्रोलॅक्टिन "४००" पाहून रात्रभर झोप घेतली नव्हती. रिपोर्ट मिली-इंटरनॅशनल युनिटमध्ये होता, २१.२ ने भागलं की नॅनोग्रॅममध्ये जेमतेम १९. कॉर्टिसॉल नॅनोमोलमध्ये असेल तर मायक्रोग्रॅमसाठी २७.६ ने भागा.

मग डॉक्टरांना विचारायच्या काही गोष्टी.

टीएसएच एकटं आलंय का? पिट्युटरीच आजारी असेल तर टीएसएच नॉर्मल दिसूनही थायरॉइड कमी असू शकतो. सोबत फ्री टी४ हवंच. वर सांगितलेल्या भंडाऱ्याच्या बाईंचं तेच कुणी केलं नव्हतं.

प्रोलॅक्टिन वाढलंय पण पाळी ठीक, अंगावर दूध नाही, काहीच त्रास नाही? तर मॅक्रोप्रोलॅक्टिनची तपासणी होऊ शकते का ते विचारा. त्यात प्रोलॅक्टिन अँटिबॉडीला चिकटून मोठं झालेलं असतं. मशीन ते मोजतं, शरीराला त्याचा फारसा फरक पडत नाही.

याच्या उलटही होतं. एमआरआयमध्ये मोठी गाठ आणि प्रोलॅक्टिन मात्र थोडंसंच वाढलेलं. प्रोलॅक्टिन प्रचंड असेल तर मशीन गोंधळतं आणि कमी आकडा देतं, याला हुक इफेक्ट म्हणतात. सॅम्पल शंभरपट पातळ करून परत मोजलं की खरा आकडा बाहेर येतो. हे ऑपरेशनची तारीख घेण्याआधी व्हायला हवं, कारण प्रोलॅक्टिन बनवणारी गाठ मोठी असली तरी बहुतेकदा कॅबर्गोलिनच्या गोळ्यांनी आक्रसते.

वाढीच्या हार्मोनचा एकटादुकटा आकडा कुठल्याही वेळी काढून काही कळत नाही, ते दिवसभर उसळ्या मारत असतं. त्याऐवजी आयजीएफ-१ (वाढीच्या हार्मोनमुळे तयार होणारा, रक्तात स्थिर राहणारा घटक), आणि तोही वयाप्रमाणे बघायचा.

## पायरी ७: एमआरआय, रक्तानंतर

"आधी एमआरआय करून टाकू, शंका नको" असं म्हणून स्वतःहून फोटो काढून येणारे खूप आहेत. साधारण दहातल्या एका निरोगी माणसाच्या पिट्युटरीतही छोटासा ठिपका सापडतो. रक्ताचा आधार नसताना तो ठिपका हातात आला की पुढची पाच वर्षं त्याच्याच मागे जातात.

चिठ्ठीवर "ब्रेन" लिहिलंय की "पिट्युटरी, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट" ते बघा. साध्या ब्रेन एमआरआयचे काप जाड असतात, काही मिलिमीटरची गाठ त्यांतून निसटते. कॉन्ट्रास्टच्या (शिरेतून देतात त्या रंगद्रव्याच्या) आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी लागते. फिल्मसोबत सीडी मागून घ्या.

गाठ १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठी असेल तर डोळ्यांची फील्ड तपासणी (कडेचं किती दिसतं ते मोजणारी) करून घ्या. गाठ वर सरकली की डोळ्यांच्या नसा दाबते आणि दोन्ही बाजूंची कडेची नजर आधी जाते. समोरचं स्वच्छ दिसत असल्यामुळे माणसाला कळत नाही; गाडी चालवताना बाजूने येणारा स्कूटरवाला अचानक उगवला असं वाटू लागतं.

तातडीचं: अचानक असह्य डोकेदुखी, उलट्या, एकाचे दोन दिसणं किंवा नजर जाणं असं झालं तर पिट्युटरीत रक्तस्राव झालेला असू शकतो. लॅब, ओपीडी, अपॉइंटमेंट काही नको. थेट इमर्जन्सीत जा आणि पिट्युटरीची फाईल सोबत न्या.

## पायरी ८: गोळ्या सुरू होताना

कॉर्टिसॉल आणि थायरॉइड दोन्ही कमी असतील तर हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसॉलची गोळी) आधी, थायरॉइडची गोळी नंतर. उलटं झालं तर थायरॉइडच्या गोळीने शरीराची कॉर्टिसॉलची गरज वाढते आणि माणूस कोसळू शकतो. दोन डॉक्टरांकडून दोन चिठ्ठ्या आल्या असतील आणि थायरॉइडची आधी हातात पडली असेल, तर दुकानात जाण्याआधी फोन करा.

हायड्रोकॉर्टिसोन कायमचं लागलं तर ताप, अपघात, ऑपरेशन अशा दिवसांत डोस दुप्पट-तिप्पट करावा लागतो. नेमका किती, हे डॉक्टरांच्या अक्षरात फ्रिजच्या दारावर लावा. उलट्या होऊन गोळी टिकत नसेल तर १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन लागतं. ते घरात ठेवा, द्यायला एकाला शिकवून ठेवा. खिशात कार्ड ठेवा: "मला स्टेरॉइडवर अवलंबून असलेला आजार आहे, उलट्या किंवा बेशुद्धीत हायड्रोकॉर्टिसोन द्या." मराठीत एका बाजूला, हिंदीत दुसऱ्या बाजूला, छिंदवाडा-बालाघाटच्या बाजूला जाणं-येणं असेल तर उपयोगी पडतं. आणि ते इंजेक्शन उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका.